इम्प्लांट टिकला, माणूस काय म्हणतो?



व्याख्यानाचा विषय मी संयोजकांना फोनवर सांगितला, 'दंतरोपणानंतर रुग्णाचं समाधान', तेव्हा पलीकडून थोडा वेळ काही उत्तरच आलं नाही. स्मृतिव्याख्यान म्हटलं की संत, इतिहास, फार तर पर्यावरण. दातांवर तासभर काय ऐकायचं? पण इथे बसलेल्यांकडे पाहतो, तर पहिल्या चार रांगांत निम्म्या जणांच्या तोंडात माझा विषय आधीपासूनच आहे. कुणाची कॅप, कुणाचा ब्रिज, कुणाची कवळी. आणि जे दोघे-तिघे जरा ऐटीत हसताहेत, ते बहुधा मुंबईला मुलाकडे जाऊन इम्प्लांट करून आलेले असावेत. तेव्हा संकोच सोडून बोलतो.

इम्प्लांट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगून पुढे जातो. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचं आणि मग त्यावर कॅप, ब्रिज किंवा कवळी चढवायची. मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्यात सहा महिने थांबत असत. आता बऱ्याच रुग्णांत त्याहून लवकर दात देता येतात. 'तीन दिवसांत पक्के दात' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. काही निवडक तोंडांत ते जमतंही. पण जाहिरात वाचणाऱ्या प्रत्येकाला आपलंच तोंड निवडक वाटतं, ही अडचण आहे.

ही विद्या आली स्वीडनमधून. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे मुळात हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासणारे संशोधक. 1950 च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमची एक निरीक्षणाची नळी बसवली होती. काम संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेना. हाड तिला चिकटून वाढलं होतं. 1965 मध्ये गॉथेनबर्गला त्यांनी यस्ता लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. लार्सन यांच्या जबड्यात आणि टाळूत जन्मतःच दोष होता, खाली दात नव्हते. 2006 मध्ये ते वारले तोवर ते इम्प्लांट काम देत होते. चाळीस वर्षं झाली. आपल्याकडे घराची कौलंही एवढी टिकत नाहीत.

मात्र बाकीच्या दंतवैद्यकानं यावर पटकन विश्वास ठेवला नाही. 1982 मध्ये टोरांटोला परिषद झाली, स्वीडनची आकडेवारी तिथे मांडली गेली आणि मग जग हललं. 1986 मध्ये अल्ब्रेक्ट्सन आणि सहकाऱ्यांनी यशाच्या कसोट्या लिहिल्या. इम्प्लांट हलता कामा नये. एक्स-रेत त्याच्याभोवती काळी कडा दिसता कामा नये. पहिल्या वर्षानंतर हाड दरवर्षी 0.2 मिलिमीटरपेक्षा जास्त झिजू नये. दुखणं, पू, ओठाला बधिरपणा नसावा. पाच वर्षांनी शंभरातले 85 आणि दहा वर्षांनी 80 इम्प्लांट या कसोट्यांना उतरले, तर पद्धत यशस्वी. आज निव्वळ टिकण्याचा हिशेब केला, तर दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास जागेवर असतात.

यात रुग्णाचा आवाज किती? दुखू नये आणि बधिर होऊ नये, एवढाच. त्याला भाकरी चावते का, तो चारचौघांत हसतो का, घरात बसून जेवतो की पंगतीत, हे कुणी विचारलेलं नाही. मिलिमीटरचा पाचवा हिस्सा मोजणाऱ्या शास्त्राला हा प्रश्न विचारायला आणखी काही वर्षं लागली.

ते काम झालं ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमध्ये. गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर यांनी 1994 मध्ये 49 प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. दातांमुळे बोलताना शब्द अडखळतात का, चव कमी लागते का, दुखतं का, खाताना अवघडल्यासारखं होतं का, जेवण अर्धवट सोडावं लागतं का, लोकांत लाज वाटते का, चिडचिड होते का, रोजचं काम अडतं का. 1997 मध्ये त्यातले 14 प्रश्न निवडून छोटी आवृत्ती झाली आणि जगभर तीच जास्त वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' ते 'नेहमी' असं शून्य ते चार गुणांत उत्तर, एकूण 56. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. उपचाराआधी विचारायचं, नंतर पुन्हा विचारायचं आणि फरक पाहायचा.

यादी चांगली आहे. मी ती वापरतो. पण ती ॲडलेडला झाली आणि आपण देवरूखला बसलोय. तिथल्या प्रश्नाला 'खाता येतं' असं उत्तर देणारा माणूस आपल्या पंगतीत बसवून पाहा. काप्या फणसाचा गरा, नाचणीची भाकरी, सुके बोंबील, ओल्या काजूची उसळ, चैत्रातली कैरी, गणपतीतली कडबोळी. खालची सुटी कवळी फणसपोळीला जशी चिकटते, तशी ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही पदार्थाला चिकटत नसावी. पूर्ण कवळी घातलेल्या माणसाची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाव-पंचमांश असते. म्हणून मी तक्ता भरून घेतल्यावर पेन खाली ठेवतो आणि विचारतो, 'काय खायचं सोडलंत?' उत्तर येतं ते पदार्थाच्या नावानं येतं. मापदंड तिथून सुरू होतो.

बोलण्याचंही तसंच. आपल्या त, थ, द, ध यांना जीभ वरच्या पुढच्या दातांना टेकते. शिवाय मराठीत च, ज, झ दोन-दोन तऱ्हांचे. चोर, चाळ, जाळं, झोप म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागे नेमक्या जागी लागावं लागतं. कवळीच्या पुढच्या दातांमागचा भाग मिलिमीटरभर जाड झाला, की हे उच्चार फसफसतात. घरी बसून राहणाऱ्याला ते चालून जाईल. पण शिक्षकाला, कीर्तनकाराला, नमनात गाणाऱ्याला आणि वकिलाला नाही. मी कवळी पक्की करण्याआधी मेणावर दात लावून रुग्णाला हे चार शब्द म्हणायला लावतो, आणि बरोबर आलेल्या माणसाला कान देऊन ऐकायला सांगतो. घरच्यांना जे ऐकू येतं ते मला येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इम्प्लांट बसवल्यावर माणूस समाधानी होतो का? बहुतेक होतात, आणि चांगलेच होतात. विशेषतः ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात उरला नाही ते. दात काढले की जबड्याचं हाड झिजतं. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, पण पुढेही थांबत नाही. आणि टॉलग्रेन यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं की खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजतो. वरची कवळी टाळूला चिकटून बसते. खालच्या कवळीला मधोमध जीभ, बाजूला गाल आणि खाली झिजलेला अरुंद कणा. ती बसणार तरी कशावर? हसताना उचलते, शिंकताना उडते. एका अभ्यासात तर जांभई देताना आणि चुंबन घेताना कवळी किती हलते, हेही रुग्णांना विचारलं होतं. इथे हात वर करायला सांगत नाही.

अशा माणसाला खाली दोन इम्प्लांट दिले आणि कवळी त्यांवर टिचबटणासारखी अडकवली, की फरक त्याच दिवशी दिसतो. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि त्यांनी मत दिलं की संपूर्ण दंतहीन खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड असावी. दोन म्हणजे दोनच. सहा नाहीत, आठ नाहीत. आमच्या व्यवसायातल्या काहींना हे मत फारसं आवडलेलं नाही, कारण सहाचा खर्च दोनपेक्षा जास्त असतो. असो.

आणि वरचं? वरची कवळी चांगली बनवलेली असेल आणि रुग्णाची तक्रार नसेल, तर तिथे इम्प्लांट देऊन समाधानात फार भर पडत नाही, असंच मॅकगिलच्या चाचण्यांत दिसलं. उलट वरचं हाड मऊ, सायनस जवळ, वेळ जास्त, पैसे जास्त. मी वरच्या जबड्याला हात लावायला तयार नसतो तेव्हा नातेवाइकांना वाटतं डॉक्टर टाळतोय.

आता तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये ॲलन आणि मॅकमिलन यांनी 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन गट होते. इम्प्लांट हवे होते आणि मिळाले, असा पहिला गट. इम्प्लांट हवे होते, पण साधी कवळीच मिळाली, असा दुसरा. आणि साधी कवळीच हवी होती व तीच मिळाली, असा तिसरा. पहिला आणि तिसरा, दोन्ही गट भरपूर सुधारले. दुसरा थोडासाच. म्हणजे साधी कवळी मागून घेणारा माणूस इम्प्लांट घेणाऱ्याच्या बरोबरीनं समाधानी झाला. ज्याचं मन इम्प्लांटवर लागलं होतं, त्याला मात्र चांगली कवळी देऊनही जीवनमानात फार फरक पडला नाही. स्क्रूत समाधान असतं, तर असं दिसलं नसतं. मागणी कुणाची आणि काय होती, यावर बरंच ठरतं.

हे वाचल्यावर मी आपल्या भागाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. कारण इथे मागणारा आणि वापरणारा हे पुष्कळदा दोन वेगळे लोक असतात.

संगमेश्वरच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका आजींचं उदाहरण देतो, नाव-गाव न सांगता. वय सत्तरीच्या पुढचं. तोंडात एक दात नाही. कवळी होती, पण ती पितळेच्या डब्यात. लग्नकार्याला आणि मुंबईच्या पाहुण्यांसमोर घालायची, एरवी डब्यातच. बाकी आजींच्या हिरड्या अशा घट्ट झाल्या होत्या, की कुळथाचं पिठलं आणि भिजवलेली भाकरी त्या निवांत खायच्या. मुलगा चाकरमानी, गणपतीला आलेला, त्याला सहा इम्प्लांट करायचे होते, 'आईला काही कमी पडता कामा नये.' मी तक्ता भरून घेतला. आजींना जवळपास सगळ्याला शून्य. शेवटी 'काय खायचं सोडलंत?' म्हटल्यावर त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, 'सुपारी.' आणि नंतर हळूच, 'आणि जोरात बोलणं.' सुपारीचा नाद सोडायला मी आनंदानं मदत केली असती. पण जोरात बोलणं म्हणजे पंगतीतलं, भजनातलं बोलणं होतं. तोंड उघडलं की कवळी खाली येते, म्हणून त्या गप्प बसायला लागल्या होत्या. मुलाला चावण्याची काळजी आणि आईला बोलण्याची. शेवटी दोन इम्प्लांट खाली आणि वरती नवीन कवळी, एवढ्यावर मुलगा राजी झाला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र 'आईचा खर्च वाचवला, हे बरोबर नाही' असा भाव होता.

कॅनडात वॉल्टन आणि मॅकेंटी यांनी 2005 मध्ये दाखवलं की अभ्यासासाठी इम्प्लांट फुकट देऊ केले, तरी साधारण एक तृतीयांश दंतहीन ज्येष्ठ नाही म्हणाले. कारण शस्त्रक्रियेची भीती आणि 'आता आपलं चाललंय ना' ही भावना. त्यांना अडाणी ठरवू नका. कॅनडातच एका अभ्यासात रुग्णांना पक्के बसवलेले दात आणि काढता येणारी इम्प्लांटची कवळी, दोन्ही आळीपाळीनं वापरायला देऊन निवड त्यांच्यावर सोपवली होती. जवळपास निम्म्यांनी काढता येणारी निवडली, कारण ती धुता येते. ज्यांच्या बोटांत कंप आहे, डोळ्यांनी बारीक दिसत नाही, त्यांना पक्क्या दातांच्या खालून दोरा फिरवणं ही रोजची शिक्षा असते. डॉक्टरला पक्के दात प्रगत वाटतात. वापरणाऱ्याला नळाखाली धरता येणारी कवळी.

एक गोष्ट मात्र रुग्णांना आधी कुणी सांगत नाही आणि नंतर ती निराशा होते. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती पातळ पडदा असतो, त्यात संवेदना असते. म्हणून भातातला बारीक खडा दात दाबायच्या आत कळतो. इम्प्लांटभोवती तो पडदा नाही, हाड थेट चिकटलेलं. खडा जाणवतो, पण उशिरा आणि बोथट. ज्याला वाटत होतं 'माझाच दात परत येणार', तो इथे थबकतो. 'चावतं छान, पण माझं वाटत नाही,' हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. आणि दुसरं, चावता आलं म्हणून खाणं बदलतंच असं नाही. 2013 च्या एका नियंत्रित चाचणीत इम्प्लांटवरची कवळी आणि साधी कवळी घेणाऱ्यांच्या आहारात फारसा फरक आढळला नाही. चावण्याची ताकद वाढूनही माणूस जुन्याच ताटाला चिकटून राहतो. आमच्या क्लिनिकमध्ये नवीन दात घेऊन महिना झाला, तरी भाकरी दुधात कुस्करून खाणारे असतात. त्यांना सांगावं लागतं, आता काकडी खा, गाजर खा.

कुणी नाराज होतो तो बहुतेक वेळा इथे. आणि आणखी एका ठिकाणी. ते म्हणजे तंबाखू आणि मिसरी. आपल्या भागात वयस्क बायका दात घासायला मिसरी लावतात आणि दिवसभर लावतात. हिरडी आकसते, हाड झिजतं, तंबाखूनं जखम भरून येत नाही. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांचं तोंडच उघडत नाही, गालाची कातडी आतून दोरखंडासारखी ताठ होते. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तरी त्या तोंडात इम्प्लांटचं ड्रिल सरळ आत जात नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तरीही घाई नको. ड्रिल करताना हाड 47 अंशांवर मिनिटभर जरी तापलं तर ते मरतं, म्हणून थंड सलाइन सतत सोडावं लागतं. एवढं नाजूक काम तापलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या हाडात करायचं नसतं. 'सिगारेट किती?' असं मी विचारतो तेव्हा लोकांना वाटतं हा उपदेश करतोय.

खर्चाचं थोडक्यात. एक इम्प्लांट कॅपसह साधारण पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातो, आणि आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचं सहसा काही बसत नाही. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. काठी लोकांना माहीत असते, कवळी कुणी मागत नाही. खेडच्या आणि सांगलीच्या डेंटल कॉलेजांत शिकणारे विद्यार्थी असतात, वेळ जास्त लागतो, पण माप नीट घेतात. नीट बनवलेली कवळी आणि दोन इम्प्लांट यांत अंतर आहे. पण वाईट कवळी आणि नीट कवळी यांत त्याहून मोठं अंतर आहे, आणि ते कमी पैशांत मिटतं.

आता शेवटचा मुद्दा, जो देवरूखचा आहे. समाधान एका दिवसाचं नसतं. कवळीच्या बटणातली रबराची रिंग झिजते, वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते. कॅपचा स्क्रू सैल होतो. हिरडीत सूज येते आणि लक्ष गेलं नाही, तर इम्प्लांटभोवती पू होऊन हाड जातं. यातलं काहीही मोठं नाही, जवळ कुणी बघणारं असेल तर. 1954 मध्ये इंदिराबाई हळबे, आपल्या हळबे मावशी, यांनी इथे मातृमंदिरात प्रसूतिगृह सुरू केलं तेव्हा बाळंतिणीला लांब नेण्यापेक्षा मदत इथे आणावी, हाच विचार होता. दातांचं मात्र उलट झालंय. आई-वडिलांना मुंबईला नेतात, काम करून परत आणून सोडतात, आणि सहा महिन्यांनी कॅप डुगडुगायला लागते.

अशी मंडळी गणपती झाले की माझ्याकडे येतात. मी आत पाहतो, स्क्रू आहे, पण कुठल्या कंपनीचा? प्रत्येकाच्या स्क्रूचं डोकं वेगळं, किल्ली वेगळी. चुकीची किल्ली लावली तर डोकंच खराब होतं आणि मग साधं घट्ट करण्याचं काम कापाकापीवर जातं. फोन लावावा तर 'पेशंटची फाइल सापडत नाही.' एक्स-रेवरून आकार ओळखायचा प्रयत्न करावा लागतो, आणि तो नेहमी जमत नाही.

म्हणून एवढंच मागून घ्या. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर सोलून काढायचं स्टिकर येतं. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच नंबर असतो. ते सोलून तुमच्या कार्डावर लावायला सांगा, खाली तारीख आणि डॉक्टरची सही घ्या, आणि ते कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. तुमचा मुलगा मुंबईत असो की दुबईत, स्क्रू सैल झाला की देवरूख, चिपळूण, रत्नागिरी, कुठलाही दंतवैद्य ते कार्ड पाहून योग्य किल्ली मागवू शकेल. बहुतेक ठिकाणी ते स्टिकर कचऱ्यात जातं, कारण ते कुणी मागितलेलंच नसतं.